एकच बाग, एकच पंप : बाबांना कंपवात, काकांना काहीच नाही. असं का?

द्राक्षवेल
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

बाबा ६७ वर्षांचे. तासगाव तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. दोन वर्षांपूर्वी टीव्ही बघताना त्यांचा उजवा हात मांडीवर आपोआप हलायला लागला. अंगठा तर्जनीवर घासत राहायचा, जणू तंबाखू मळतायत. (बाबांनी आयुष्यात तंबाखूला हात लावलेला नाही.) मग सही बारीक होत गेली. सोसायटीच्या कर्जाचा कागद सही जुळत नाही म्हणून परत आला, तेव्हा कुठे आम्ही सांगलीला मेंदूच्या डॉक्टरांकडे गेलो. पार्किन्सन्स, म्हणजे कंपवात.

डॉक्टरांनी दोन प्रश्न विचारले. घरात आधी कुणाला होता का? नाही. शेतात फवारणी करता का? आता द्राक्षवाल्याला हे विचारायचं म्हणजे कोळ्याला पाण्यात उतरता का विचारण्यासारखं. ३५ वर्षं झाली. डावणी या बुरशीच्या रोगासाठी मँकोझेब, मोरचूद-चुन्याचं बोर्डो, बांधावरचं तण जाळायला पॅराक्वाट.

पण काका बाबांपेक्षा दोन वर्षांनी मोठे. तीच बाग, तोच पंप, तीच औषधं. ते आजही पहाटे पाचला उठून तालमीपर्यंत चालत जातात आणि येताना दूध घेऊन येतात.

नेटवर वाचताना सारखे उंदरांवरचे प्रयोग समोर येतात. जनुकात बिघाड केलेले उंदीर, त्यांना दिलेलं विष, मग दोन्ही एकत्र. निम्मं डोक्यावरून गेलं. उंदरांवरून आमच्या घरातलं काही कळतं का? आणि आता धाकटा भाऊ बाग बघतो, त्याचं काय?

फुकटफौजदार
जागा पकडून ठेवतो. चहा घेऊन आलोच.

नाडीपरीक्षा
बाबांच्या हाताचं वर्णन अचूक आहे. आमच्या पुस्तकांत याला गोळ्या वळणं म्हणतात. आता गोळ्या कोण वळतं? तंबाखू मळणं जास्त चपखल आहे, उद्यापासून ओपीडीत हेच वापरणार.

एकाच जनुकातल्या बिघाडामुळे होणारा पार्किन्सन्स थोडा असतो, ढोबळमानाने दहातला एक, कधी त्याहून कमी. उरलेल्यांत वय, थोडी जनुकं, थोडं बाहेरचं, अशी खिचडी असते. एखाद्या माणसाकडे बोट दाखवून ‘याला फवारणीनेच झाला’ असं कुठलाही डॉक्टर छातीठोकपणे सांगू शकत नाही. जो सांगेल त्याच्यापासून दोन हात लांब राहा.

मूषकवाहन
माझं पोट उंदरांवर चालतं (अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेत), त्यामुळे मला लिहायलाच हवं. लांबेल, आधीच सांगतो.

गोष्ट उंदरांपासून नाही, माणसांपासून सुरू होते. १९८२ साली कॅलिफोर्नियात काही तरुण व्यसनी दवाखान्यांत येऊन पडले. लाकडासारखे ताठ, बोलता येईना, हलता येईना. वयं विशी ते चाळिशीची आणि लक्षणं सत्तरीच्या पार्किन्सन्सची. विल्यम लँगस्टन या डॉक्टरांनी माग काढला. सगळ्यांनी बाजारातलं नकली हेरॉईन टोचून घेतलं होतं आणि ते बनवताना त्यात एमपीटीपी नावाचं भलतंच रसायन तयार झालं होतं. १९८३ मध्ये हे छापून आलं आणि आमच्या धंद्याला पहिल्यांदा एक खात्रीचं विष मिळालं.

त्याची चाल बघा. एमपीटीपी स्वतः निरुपद्रवी. मेंदूतल्या आधार देणाऱ्या पेशींमधलं एक विकर, एमएओ-बी, त्याचं रूपांतर एमपीपी-प्लस नावाच्या विषात करतं. मग डोपामिन (हालचाल सांभाळणारं मेंदूतलं रसायन) बनवणाऱ्या पेशी त्यालाच डोपामिन समजून आत ओढून घेतात. त्या पेशींच्या दारावर डोपामिन आत घेणारा एक वाहक असतो, तो फसतो. चोराला जावईबापू समजून पाट मांडायचा, तसलं. आत गेल्यावर ते माइटोकाँड्रियातल्या ऊर्जा बनवण्याच्या साखळीची पहिली कडीच अडवतं. पेशी उपाशी मरते.

आता द्राक्षवेल यांच्या प्रश्नाकडे. हे विष माकडांना दिलं तर ती माणसासारखीच आखडतात. सी-५७ ब्लॅक-६ या जातीच्या काळ्या उंदरांना दिलं तर डोपामिनच्या पेशी मरतात. सीडी-१ या पांढऱ्या जातीला तेवढंच दिलं तर फारसं बिघडत नाही. पिंजरा तसाच, खाणं तेच, वजनाच्या हिशेबात विषही तेवढंच. फरक आईबापांकडून आलेल्या जनुकांचा. जनुकांशी कुणी छेडछाड करायच्या आधीच निसर्गाने हा प्रयोग करून ठेवलाय. तुमचे बाबा आणि काका हे त्याच प्रश्नाचं तासगावातलं रूप.

कोकणी_कोल्हा
रच्याकने, मध्यंतरी वाचलं होतं की उंदीर एमपीटीपीला दाद देत नाहीत. तुम्ही म्हणता मरतात. नक्की काय?

मूषकवाहन
हा घोळ आपल्या भाषेचा आहे, हो. आपण छोट्यालाही उंदीर म्हणतो आणि मोठ्यालाही उंदीर. प्रयोगशाळेत ते दोन वेगळे प्राणी, वेगळ्या खोल्या, वेगळे नखरे. एमपीटीपीला दाद देत नाही तो मोठा. छोट्यातला काळा देतो.

फुकटफौजदार
आमच्याकडे तिसरा पण आहे. घूस. तिला कुठलंच विष लागत नाही, अनुभवाने सांगतो. महापालिकेने प्रयोग करून पाहिलेत.

रानभाजी
आणि चिचुंद्रीला उंदीर म्हणू नका बरं का. ती त्यांच्या गोतातली नाही.

संशयात्मा
हे सगळं ठीक आहे, पण नकली हेरॉईन कुठला शेतकरी टोचून घेतो? पिंजऱ्यातल्या उंदराच्या पोटात सुई खुपसून जे होतं ते बांधावर उभं राहून फवारणाऱ्या माणसाला होतं असं म्हणणं म्हणजे सुतावरून स्वर्ग गाठणं. दुसरं, उंदराला पार्किन्सन्स होतच नाही. तुम्ही त्याच्या पेशी मारता आणि त्याला आजाराचं नाव देता.

मूषकवाहन
संशयात्मा, दुसरा मुद्दा शंभर टक्के मान्य. म्हणून आम्ही ‘आजार’ म्हणत नाही, ‘प्रतिकृती’ म्हणतो. निधीसाठी अर्ज लिहिताना मात्र विसरतो. :)

उंदीर आणि पार्किन्सन्स यांच्यातली सगळ्यात मजेशीर गोष्ट सांगतो. १९९७ साली इटलीतल्या कोंतुर्सी या गावच्या एका मोठ्या घराण्यात पार्किन्सन्सचं पहिलं जनुक सापडलं. अल्फा-सायन्यूक्लिन नावाच्या प्रथिनात ५३व्या जागी अलानिनच्या ऐवजी थ्रिओनिन आलं होतं. (ही अमिनो आम्लं, प्रथिनाची अक्षरंच म्हणा.) एवढ्याशा बदलाने पिढ्यान्‌पिढ्या लोक कापत होते. मग उंदराचं तेच प्रथिन पाहिलं, तर त्याच्यात ५३व्या जागी मुळातच थ्रिओनिन! म्हणजे माणसाला आजारी पाडणारं अक्षर घेऊन जगातला प्रत्येक उंदीर मजेत फिरतोय.

पहिल्या मुद्द्याचं उत्तर : एमपीपी-प्लसच्या रेणूचं चित्र आणि पॅराक्वाटच्या रेणूचं चित्र शेजारी ठेवा. चुलत भाऊ वाटतील. एमपीपी-प्लसला तर तणनाशक म्हणूनही आजमावलेलं आहे. म्हणून १९८३ नंतर लोकांचं लक्ष शेताकडे वळलं. मात्र दिसायला सारखं म्हणून वागायलाही सारखं असेलच असं नाही. पॅराक्वाट डोपामिनच्या दारातून न जाता अमिनो आम्लांच्या दाराने मेंदूत घुसतं, आणि त्याचा मारा ऊर्जा अडवण्यापेक्षा ऑक्सिजनचे मोकाट कण तयार करण्यावर जास्त आहे.

करवीरकर
ताई, मी ऊस आणि थोडा भाजीपाला करतो. बांधावर काय होतं ते लिहितो, उंदरांचं ज्याने त्याने बघावं.

नोझल तुंबलं की काय करतो आपण? काढायचं, तोंडाला लावायचं आणि फुंकर मारायची. समोरून वारा असेल तर चेहऱ्यावर धुकं बसतं. पंपाचं झाकण सैल असेल तर पाठीवरून कमरेपर्यंत ओघळ. औषध कालवायला काठी मिळाली नाही तर हात कोपरापर्यंत बादलीत. दुपारी त्याच हाताने भाकरी. माझ्या वडिलांनी हे केलं, मीपण केलंय. संशयात्मा म्हणतात सुई खुपसत नाही. खरंय, सुईची गरजच पडत नाही.

बाकी पॅराक्वाट पोटात गेलं तर उतारा नाही, हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत असतं. तरी बाटली गोठ्यात दुधाच्या किटलीशेजारी.

वऱ्हाडी_ठेचा
२०१७ आठवलं. यवतमाळला कपाशीवर फवारताना शेकडो लोक आजारी पडले, वीसच्या वर गेले. आमच्या शेजारच्या गावचा एक पोरगा डोळ्याला पट्टी बांधून महिनाभर होता. त्यातल्या जगलेल्या लोकांना पुढं हे कंपवाताचं होणार का?

नाडीपरीक्षा
वऱ्हाडी_ठेचा, ती तीव्र विषबाधा होती. एकदम भरपूर विष अंगात गेलं की नसा आणि स्नायूंमधले संदेश तुंबतात, घाम, लाळ, धूसर दिसणं, श्वास अडकणं. इथे आपण बोलतोय ते थेंबाथेंबाने वर्षानुवर्षं होणाऱ्या गोष्टीबद्दल. एकाच दुकानात मिळतात म्हणून दोन्हींचा हिशेब एक होत नाही. तेव्हा आजारी पडलेल्यांना घाबरवू नका.

पेठी_आजोबा
मी स्वतः नऊ वर्षं शुभार्थी आहे. (पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळात रुग्ण म्हणत नाहीत, शुभार्थी म्हणतात. सांभाळणारा तो शुभंकर. माझी शुभंकर सध्या मी मोबाईल खाली ठेवावा म्हणून डोळे वटारते आहे.) आयुष्यभर बँकेत नोकरी केली. विष म्हणाल तर फक्त मॅनेजरच्या जिभेवर पाहिलं. मग मला कशाने झाला?

द्राक्षवेल, बाबांना सांगा, सही बारीक होते ती रेघा आखलेल्या वहीत लिहिली की थोडी मोठी येते. मी रोज एक पान लिहितो. विषय सुचला नाही तर वाण्याची यादी.

ताडदेवची_मावशी
आजोबांच्या प्रश्नावर. माझं अर्धं आयुष्य पारशी कॉलनीच्या भिंतीला भिंत लावून गेलं. मुंबईतल्या पारशांची घरोघरी जाऊन पाहणी झाली होती, १९८८ साली ती छापून आली. लाखामागे ३२८ जणांना पार्किन्सन्स. बंगळुरूकडच्या पाहणीत हाच आकडा लाखामागे तीसच्या आसपास होता. आता आमच्या शेजारचे बावाजी काही पाठीवर पंप घेऊन फवारायला जात नव्हते. त्यांची फवारणी म्हणजे रविवारी गाडी धुणं. मग हे जनुकांचंच नाही का?

नाडीपरीक्षा
मावशी, आकडे बरोबर. पण पारशी समाजात म्हाताऱ्या माणसांचं प्रमाणच मोठं, आणि हा आजार वयाबरोबर वाढतो. ते वजा केलं की दरी बरीच कमी होते. उरलेल्यात आपसातच लग्नं होण्याचा वाटा असू शकतो.

जनुक की परिसर यावर मला जुळ्यांचा अभ्यास आवडतो. १९९९ साली अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धात लढलेल्या जुळ्या भावांचा प्रसिद्ध झाला, जवळपास २० हजार माणसं. पन्नाशीनंतर आजार सुरू झाला असेल तर एकाला झाल्यावर दुसऱ्यालाही होण्याचं प्रमाण एकसारख्या जुळ्यांत (ज्यांची जनुकं सारखीच असतात) आणि साध्या जुळ्यांत जवळजवळ सारखंच. पन्नाशीच्या आत सुरू झाला असेल तर मात्र एकसारख्या जुळ्यांत खूपच जास्त. पुढच्या काही अभ्यासांनी जनुकांचं पारडं थोडं जड केलं, तरी मुद्दा टिकून आहे. तरुणपणी आला तर जनुकाकडे आधी बघा. पासष्टाव्या वर्षी आला तर कुठल्याही एका दारावर थाप मारून उपयोग नाही.

माशीमारे
मी पीएचडीसाठी अक्षरशः माश्या मारतो. घरी सांगितलं तेव्हा आजी म्हणाली, त्यासाठी एवढं शिकायची काय गरज होती.

केळ्यावर बसणारी चिलटं असतात ना, फळमाश्या, त्या. आमच्या कामात जनुक आणि विष यांचा हिशेब उंदरांपेक्षा स्वच्छ दिसतो. डीजे-१ नावाचं जनुक बिघडलं की माणसात तरुण वयात पार्किन्सन्स होतो, हे २००३ मध्ये कळलं. माशीत त्याची दोन रूपं आहेत. २००५ साली काहींनी दोन्ही काढून टाकली. माश्या ठणठणीत जन्मल्या, उडाल्या, पोरंबाळं झाली. पण खाण्यात पॅराक्वाट किंवा रोटेनोन मिसळल्यावर साध्या माश्यांपेक्षा कितीतरी लवकर मेल्या. बाकीच्या बऱ्याच प्रकारच्या ताणाला मात्र त्या साध्या माश्यांइतक्याच टिकल्या. म्हणजे बिघाड कायम होता, दिसत नव्हता. विषाने तो उघडा पाडला.

आमची परीक्षा कशी असते सांगतो. काचेच्या उभ्या नळीत वीसेक माश्या घ्यायच्या, नळी टेबलावर टक्‌ टक्‌ आपटायची. सगळ्या तळाला पडतात. मग माशीचा स्वभाव म्हणून त्या वर चढायला लागतात. घड्याळ लावायचं आणि ठरलेल्या वेळात रेघेच्या वर किती पोचल्या ते मोजायचं. निरोगी माश्या भराभरा वर जातात. आजारी माश्या दोन पावलं चढतात, थांबतात, घसरतात, पुन्हा निघतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाड्याच्या जिन्यावरचे आमचे अण्णा आठवले. त्या दिवशी आकडे दोनदा मोजावे लागले.

फुकटफौजदार
चेष्टा करायला आलो होतो, शेवटच्या ओळीने गप्प केलं. दंडवत.

रानभाजी
रोटेनोनचं नाव निघालं म्हणून. हे कारखान्यातलं नाही, वनस्पतीतलं आहे. डेरिस आणि तिच्या नातलग वेलींच्या मुळांत असतं. दक्षिण अमेरिकेत आणि आग्नेय आशियात या मुळ्या ठेचून पाण्यात टाकत आणि मासे वर आले की वेचत. डेरिसची एक जात आपल्या खाडीकाठच्या कांदळवनातही आहे. ‘नैसर्गिक’ म्हणून परसबागेत खुशाल वापरत असत.

मग २००० साली अटलांटात ग्रीनमायर यांच्या गटाने मोठ्या उंदरांना रोटेनोन सलग थोडं थोडं रक्तात सोडलं. ते सगळ्या शरीरात, सगळ्या पेशींत शिरतं, तरी मेल्या त्या प्रामुख्याने डोपामिनच्या पेशी. उरलेल्यांत माणसाच्या आजारात दिसतात तसे अल्फा-सायन्यूक्लिनचे गोळेही सापडले. सेंद्रिय म्हणजे सोवळ्यातलं, या समजुतीचं काय करायचं ते करा.

अवांतर : कॅरिबियनमधल्या ग्वादलूप बेटावर पार्किन्सन्ससारखाच, पण औषधाला दाद न देणारा एक प्रकार जास्त दिसला, १९९९ मध्ये ते पुढे आलं. बोट दाखवलं गेलं ते लक्ष्मणफळाकडे आणि त्याच्या पानांच्या काढ्याकडे. त्यातलं अ‍ॅनोनासिन माइटोकाँड्रियाची तीच पहिली कडी अडवतं. लक्ष्मणफळ म्हणजे सीताफळाचा सख्खा भाऊ.

गोडांबा
थांबा!! आत्ताच दोन किलो सीताफळं आणलीत. टाकून देऊ???

फुकटफौजदार
टाकू नका. पत्ता द्या.

रानभाजी
अहो गोडांबा, खा निवांत. तिथले लोक वर्षानुवर्षं रोज ते फळ आणि पानांचा काढा पोटात घालत होते. मात्र कॅन्सर बरा होतो म्हणून लक्ष्मणफळाच्या पानांचा चहा विकणारे हल्ली व्हॉट्सॲपवर सुटलेत, तो कृपया रोज पिऊ नका.

पेठी_आजोबा
वनस्पतीचा विषय निघालाच आहे तर खाजकुहिलीला विसरू नका. तिच्या बियांत लेव्होडोपा असतं, १९३७ साली मद्रासच्या दोन संशोधकांनी ते वेगळं काढलं. आमच्या सिंडोपाच्या गोळीतही तेच. एका वेलीच्या मुळात आजार, दुसरीच्या बीत औषध.

नाडीपरीक्षा
आजोबा, आणि म्हणूनच सिंडोपा चालू असताना वरून कवचबीजाचं (खाजकुहिलीच्या बियांचं) चूर्ण स्वतःच्या मनाने घेऊ नये. एकच औषध दोन बाजूंनी जातं, मग हात-मान वेडीवाकडी हलायला लागते आणि लोक म्हणतात आजार बळावला.

संशयात्मा
सीताफळांवरून परत या. माशीचं पटलं. पण माझा आक्षेप असा की तुम्ही फक्त जमून आलेले प्रयोग सांगताय. जनुक बिघडलं, विष दिलं, आजार वाढला, छान. न जमलेले?

मूषकवाहन
मी हाच प्रश्न येण्याची वाट बघत होतो. भरपूर आहेत.

पार्किन हे जनुक जपानी संशोधकांनी १९९८ मध्ये शोधलं, तरुणपणीच्या पार्किन्सन्सचं मोठं कारण. ते काढलेल्या उंदरांना एमपीटीपी दिलं तर साध्या उंदरांपेक्षा जास्त त्रास व्हायला हवा ना? झालाच नाही. सगळे हिरमुसले. नंतर त्याच उंदरांना जंतूंच्या आवरणातला एक पदार्थ थोडा थोडा महिनोन्‌महिने टोचला, शरीरात कायमची मंद सूज राहील असा, तेव्हा त्यांच्या डोपामिनच्या पेशी मरायला लागल्या. म्हणजे कुलूप तेच, किल्ली चुकीची होती.

उलटंही होतं. अल्फा-सायन्यूक्लिन अजिबात नसलेल्या उंदरांना एमपीटीपी दिलं तर ते बऱ्यापैकी तगतात. इथे जनुक काढल्याने संरक्षण मिळालं. आणि डीजे-१ नसलेले उंदीर माशीसारखेच एमपीटीपीला जास्त बळी पडतात. तेव्हा ‘वाईट जनुक अधिक विष बरोबर आजार’ अशी बेरीज प्रत्येक वेळी जुळत नाही. प्रत्येक जोडी वेगळी तपासावी लागते.

पॅराक्वाटमध्येही भांडणं आहेत. काही प्रयोगशाळांत पेशी मेल्या, काहींत नाही. न मेलेल्यांपैकी काही प्रयोग उत्पादकांच्या पैशावर झाले होते, त्यावरून पुन्हा वेगळी भांडणं.

मला स्वतःला सगळ्यात जास्त छळतो तो पॅराक्वाट आणि मॅनेब या बुरशीनाशकाचा प्रयोग. सन २०००, काळे उंदीर, आठवड्यातून दोनदा, सहा आठवडे. दोन्ही वेगवेगळी दिली तर परिणाम किरकोळ, एकत्र दिली तर ठळक. अमेरिकेत दोन्ही एकाच भागात वापरली जात होती म्हणूनच हे करून पाहिलं होतं. पुढे त्याच गटाने जन्मल्यावर काही दिवसांच्या पिल्लांना ही जोडी दिली, मग मोठेपणी पुन्हा. लहानपणी चटका बसलेले मोठेपणी जास्त कोसळले.

द्राक्षवेल, तुमच्या यादीतलं मँकोझेब हे मॅनेबच्याच घराण्यातलं. हे वाचून रात्रभर जागू नका. उंदराच्या पोटात थेट टोचलेलं आणि बागेतलं धुकं यांत अंतर आहेच.

परदेशी_पोहे
हा फक्त शेतकऱ्यांचा आजार समजू नका. इथे अमेरिकेत कॅम्प लजून या मरीन सैनिकांच्या तळावर १९५३ ते १९८७ पिण्याच्या पाण्यात ट्रायक्लोरोइथिलीन होतं. यंत्रांचं ग्रीस काढायला, कपड्यांच्या ड्रायक्लीनिंगला वापरायचे ते. २०२३ च्या अभ्यासात तिथल्या लोकांना पार्किन्सन्सचा धोका दुसऱ्या तळावरच्यांपेक्षा ७० टक्के जास्त निघाला. आजोबा, बँकेच्या सुटाचं ड्रायक्लीन कुठे करत होता?

पेठी_आजोबा
सूट? सहकारी बँक होती हो. सफारी, तीही घरी धुतलेली.

द्राक्षवेल
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. पण मूषकवाहन, माणसांमध्ये हे दोन्ही एकत्र कुणी मोजलंय का? जनुक आणि फवारणी?

मूषकवाहन
मोजलंय. आयोवा आणि नॉर्थ कॅरोलायनातल्या शेतकऱ्यांवर आणि फवारणी करणाऱ्यांवर एक मोठा अभ्यास बरीच वर्षं चालू होता. २०११ मध्ये त्यातून आलं की पॅराक्वाट वापरणाऱ्यांत आणि रोटेनोन वापरणाऱ्यांत पार्किन्सन्सची शक्यता सुमारे अडीच पट.

पुढच्या वर्षी त्याच लोकांचं जीएसटीटी-१ हे जनुक पाहिलं. शरीरात शिरलेली विषं आणि मोकाट ऑक्सिजनचे कण निकामी करणाऱ्या यंत्रणेचा हा एक भाग. बऱ्याच धडधाकट माणसांत हे जनुक मुळी नसतंच, आणि त्यांचं काही अडत नाही. ज्यांच्यात ते होतं त्यांना पॅराक्वाट वापरल्यावर दीड पट. ज्यांच्यात नव्हतं त्यांना अकरा पट. संख्या लहान होती, शंभराच्या आत रुग्ण, त्यामुळे अकरा हा आकडा दगडावरची रेघ नाही. पण दिशा लक्षात घ्या.

सख्ख्या भावांमध्ये एकाकडे जनुक असणं आणि दुसऱ्याकडे नसणं अगदी सहज शक्य आहे. म्हणून म्हटलं, बाबा काळे उंदीर असतील, काका पांढरे. (त्यांना सांगू नका.)

करवीरकर
मग ही तपासणी करून घ्यायची का भावाची?

नाडीपरीक्षा
नको. जनुक आहे असं निघालं तर तो बिनधास्त फुंकर मारायला मोकळा, नाही निघालं तर झोप उडणार. दोन्ही बाजूंनी तोटाच.

द्राक्षवेल
अपडेट द्यायला आले. काल रात्री आईला फोन केला होता. म्हटलं, बाबा आणि काका सारखंच फवारायचे ना?

आई हसायलाच लागली. म्हणाली, तुझे काका कधी फवारायचे? १९९२ पासून ते बेदाण्याच्या शेडवर. माल वाळवणं, प्रतवारी, सौद्याला जाणं, सगळं त्यांच्याकडे. हातात पंप बघितलेला मला आठवत नाही. औषध कालवायचं काम तुझ्या बाबांचंच, कारण त्यांचा दुसऱ्या कुणावर विश्वास नव्हता. बादलीत हात घालून ढवळायचे, गुठळी राहिली तर नोझल तुंबतं म्हणून. आणि तुंबलं की फुंकर.

मी लहान होते, दोघे एकदम बागेकडे निघायचे ते तेवढं दिसायचं. त्यावरून मी शीर्षकात ‘एकच पंप’ असं ठोकून दिलं.

संशयात्मा
घ्या! अख्खा धागा ज्या पायावर उभा होता तोच काढून घेतलात. :D

मूषकवाहन
संशयात्मा, आज तुमचा दिवस. माझं काळं-पांढरं मागे घेतो.

पण खरं सांगू, हेच आमच्यात आणि माणसांवर अभ्यास करणाऱ्यांत अंतर आहे. माझ्या पिंजऱ्यावर चिठ्ठी असते, कुणाला किती मिलिग्रॅम, कुठल्या तारखेला. त्यांना मात्र सत्तरीच्या माणसाला विचारावं लागतं की १९९२ साली तुम्ही काय फवारलं. तो म्हणतो, ‘औषध’. कुठलं? ‘पांढऱ्या डब्यातलं.’ तुम्ही तर सख्खी मुलगी आहात, त्याच घरात वाढलात, तरी तुमचा हिशेब चुकला.

बंगळुरूच्या निमहान्स या मेंदू-मनाच्या आजारांच्या संस्थेत सीडी-१ आणि सी-५७ ब्लॅक-६ यांचा संकर करून त्या पिल्लांना एमपीटीपी दिलं होतं. पिल्लं टिकाऊ आईबापाच्या बाजूने झुकली. असले प्रयोग बघायला फार आवडतात मला, कारण माणसाच्या घरात हे असं नीट कधीच दिसणार नाही.

माशीमारे
तरी काकांनी फवारलंच नसेल तर जनुकाचा भाग बाद होत नाही ना? बाबांसारखंच ३५ वर्षं कालवलेल्या कितीतरी जणांना काही झालेलं नाही. तुलना काकांशी करू नका, त्यांच्याशी करा.

करवीरकर
हे बरोबर. आमच्या गल्लीत तसे चार म्हातारे दाखवतो. एक तर अजून फुंकतोय.

ताडदेवची_मावशी
नोझल की बिडी?

करवीरकर
दोन्ही.

नाडीपरीक्षा
बिडीवरून : धूम्रपान करणाऱ्यांत पार्किन्सन्स कमी दिसतो, हे बऱ्याच अभ्यासांत आलंय. आता कुणी यावरून सुरू करू नका. त्या माणसांना न्यायला दुसरे आजार रांगेत उभे असतात.

द्राक्षवेल
भावाशी बोलले. पॅराक्वाट बंद करतोय, बांधाला ब्रश-कटर मारणार. मँकोझेब बंद करणं जमणार नाही म्हणाला, डावणी आली तर वर्ष जातं. त्यावर मी वाद घातला नाही, बाग त्याची आहे. पण कालवायला लांब दांड्याचा चाटू केलाय, कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे आणलेत, आणि नोझल साफ करायला जुना टूथब्रश पंपाला सुतळीने बांधून ठेवलाय.

आईचा एकच प्रश्न होता, ब्रश कुणाचा आहे.

आणि आजोबा, बाबा कालपासून रेघांच्या वहीत लिहितायत. पहिल्या पानावर बागेतल्या ओळींचा हिशेब आहे. शेवटच्या चार ओळी बारीक झाल्यात, पण वाचता येतात.

पेठी_आजोबा
पानाच्या खाली तारीख घालायला सांगा. माझ्या वहीत मागची पानं बघायला मला फार आवडतं.

फुकटफौजदार
चहा गार झाला. गोडांबा, त्या सीताफळांचं काय ठरलं?